लेथ्रोप, १९७७: कीटकनाशकाच्या कारखान्यात पाळणे का थांबले

लेथ्रोप हे कॅलिफोर्नियातले, स्टॉकटन शहराच्या दक्षिणेचे एक छोटे गाव. तिथे ऑक्सिडेंटल केमिकल कंपनीचा खते आणि शेतीची औषधे तयार करणारा कारखाना होता. औषधांच्या विभागात माणसे थोडीच, चाळिसाच्या आसपास. बाहेरून पिंपांत आलेली रसायने मोजून घ्यायची, पातळ करायची, एकमेकांत मिसळायची, पुन्हा भरायची आणि लेबल लावून रवाना करायची, हे त्यांचे रोजचे काम. असल्या कामात ओतताना थोडेफार सांडतेच, हातमोज्यावर उडते, कपड्यांत मुरते, आणि वास नाकाला इतका सवयीचा होतो की काही दिवसांनी तो जाणवेनासा होतो.

१९७७ च्या उन्हाळ्यात या विभागातल्या पुरुषांत एक कुजबुज सुरू झाली होती. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी बरीच वर्षे पाळणा हललेला नाही. एकाला मूल होत नव्हते, ही त्याची खासगी गोष्ट होती. दुसऱ्यालाही होत नव्हते, तीही खासगीच. पण एकाच छपराखाली काम करणारी माणसे जेव्हा हे एकमेकांना सांगू लागली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की इथे कुठेतरी पाणी मुरते आहे.

पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर कामाच्या जागेचा काय परिणाम होतो, हे कुणाला समजावून सांगायचे असेल तर मी आधी हेच प्रकरण घेतो. या विषयातली बहुतेक प्रकरणे धूसर असतात. संपर्क किती झाला ते कळत नाही, कारणे पाच-सहा गुंतलेली असतात, आकडे काठावरचे असतात. लेथ्रोपमध्ये सगळे लख्ख दिसते: पदार्थ कोणता, इजा कोणत्या पेशीला, कुणाला जास्त आणि कुणाला कमी. आणि ही माहिती आधीपासून कुणाकडे पडून होती, तेही दिसते.

कुणाच्याच नजरेला का आले नाही

कारखान्यांत दुखापत मोजायची एक पद्धत असते. हात कापला, डोळ्यात काही गेले, चक्कर आली, पुरळ उठले, की नोंद होते. इथे नोंद करण्यासारखे काहीच घडत नव्हते. वजन घटले नाही, ताप आला नाही, खोकला नाही. कामेच्छा जागच्या जागी, शरीरसंबंधात काही अडचण नाही, दाढी-मिशा, आवाज, ताकद सगळे पूर्वीसारखे. वीर्य दिसायलाही तसेच, कारण वीर्याच्या एकूण प्रमाणात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो. बाकीचा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. शुक्राणू एकही नसला तरी नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

यात भर घरातल्या परिस्थितीची. काही पुरुषांना इथे लागण्याआधीच मुले झालेली होती, त्यांना वाटे आपले सगळे ठीकच आहे. काही जोडपी गर्भनिरोधक वापरत होती. काहींनी नसबंदी करून घेतली होती, म्हणजे त्यांच्यापुरता प्रश्नच मिटलेला. उरली ती जोडपी, जी मूल हवे म्हणून वाट पाहत होती. आणि मूल होत नसले की पहिला संशय बाईवर, पहिली तपासणी बाईची, हा शिरस्ता जगभर सारखाच आहे. वास्तविक वीर्याची तपासणी ही या सगळ्या तपासण्यांत सर्वांत सोपी आणि सुईसुद्धा न टोचता होणारी. ती मागे ढकलली जाते ती केवळ संकोचापोटी. या एका सवयीने किती बायकांना विनाकारण त्रास होतो आणि किती कारणे वर्षानुवर्षे झाकलेली राहतात, याचे मला दरवेळी वाईट वाटते.

कंपनीच्या आरोग्य तपासणीत रक्तदाब होता, छातीचा एक्सरे होता. तुम्हाला मूल हवे आहे का, किती दिवस वाट पाहताय, हे विचारायला कुठे रकानाच नव्हता.

पहिले नमुने

कामगार संघटनेच्या कानावर ही गोष्ट गेली. त्याच सुमारास कामगारांच्या आरोग्यावर माहितीपट करणारे दोघे जण लेथ्रोपच्या कामगारांना भेटत होते. त्यांनी काही जणांच्या वीर्यतपासणीचा खर्च उचलायची तयारी दाखवली. मूठभर पुरुष तयार झाले. नमुना द्यायचा, आणि तोही ‘आपल्यातच दोष निघाला तर’ ही भीती मनात ठेवून, याला काय धैर्य लागत असेल याची कल्पना करावी. निकाल आले ते एकाहून एक वाईट होते.

तिथून प्रकरण डॉ. डोनाल्ड व्हॉर्टन या व्यवसायजन्य आजारांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विभागातल्या पुरुषांची रीतसर तपासणी केली: पूर्ण शारीरिक तपासणी, वीर्य, रक्तातली संप्रेरके, आणि कोण किती काळ या कामावर आहे याची नोंद. त्यांचा अहवाल डिसेंबर १९७७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तो दोन-तीन पानांचाच आहे, पण त्यातली मांडणी कुणालाही समजेल इतकी साधी आहे.

तपासलेल्या ३६ पुरुषांपैकी ११ जणांची नसबंदी झालेली होती, त्यामुळे त्यांच्या वीर्यावरून काही ठरवता येणार नव्हते. उरलेल्या २५ पैकी १४ जणांत दोष होता. काहींच्या वीर्यात शुक्राणू एकही नव्हता, काहींत अगदी तुरळक. मग व्हॉर्टन यांनी दोन टोके समोरासमोर ठेवली. ज्यांच्या वीर्यात मिलिलिटरमागे १० लाखांहून कमी शुक्राणू होते, त्यांतला प्रत्येक जण या कामावर किमान तीन वर्षे होता. ज्यांची संख्या ४ कोटींच्या वर होती, त्यांतल्या कुणाचाही संपर्क तीन महिन्यांपेक्षा जास्त नव्हता.

हे दोन गट एकाच कारखान्यातले, एकाच हवेतले, एकाच प्रकारचे जगणे जगणारे. वेगळा होता तो मुख्यतः कामावरचा काळ. तिथे दारू, सिगारेट, ताणतणाव, वय ही नेहमीची स्पष्टीकरणे एकेक करून गळून पडतात. संपर्क जितका लांब तितकी इजा मोठी, ही पायरी दिसली की योगायोग म्हणायला जागा उरत नाही.

संशय होता तो डीबीसीपी या रसायनावर. पूर्ण नाव डायब्रोमोक्लोरोप्रोपेन. जमिनीत राहून पिकांच्या मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना मारण्यासाठी ते मातीत सोडले जाई. १९५० च्या दशकात डाऊ आणि शेल या दोन कंपन्यांनी ते बाजारात आणले. लेथ्रोपमध्ये ते तयार होत नसे, तिथे फक्त मिसळून भरले जाई. ज्या कंपन्या ते मुळातून बनवत होत्या, त्यांनी लेथ्रोपची बातमी फुटल्यावर आपल्या कामगारांची तपासणी केली. आर्कान्सामधल्या मॅग्नोलिया इथल्या डाऊच्या कारखान्यातही तेच चित्र निघाले. ऑगस्ट १९७७ मध्ये डाऊने उत्पादन थांबवले.

शरीरात नेमके काय बिघडले

वृषणात दोन वेगवेगळी कामे चालतात आणि ती दोन वेगळ्या पेशी करतात. बारीक नळ्यांच्या आत शुक्राणू तयार होतात. त्यांना सांभाळणाऱ्या, खाऊपिऊ घालणाऱ्या पेशींना सर्टोली पेशी म्हणतात. नळ्यांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात, त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात. पुरुषाला ‘आपण ठीक आहोत’ असे जे वाटते ते मुख्यतः या दुसऱ्या पेशींमुळे. डीबीसीपीने घाव घातला तो पहिल्या कामावर. नळ्यांच्या कडेला असलेल्या मूळ पेशी, ज्या आयुष्यभर विभागत राहून नवे शुक्राणू पुरवतात, त्याच मारल्या गेल्या. काही कामगारांच्या वृषणातल्या ऊतीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा अनेक नळ्यांत बीजपेशी नव्हत्या आणि सर्टोली पेशी तेवढ्या शिल्लक होत्या. शेत नांगरलेले आहे, बांध नीट आहेत, पण बियाणेच नाही, अशी अवस्था.

रक्तातल्या संप्रेरकांनी हेच सांगितले. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच नावाचे संप्रेरक सोडून वृषणाला ‘शुक्राणू कर’ असा निरोप देते. नळ्यांत काम नीट चालू असले की तिथून इनहिबिन हे दुसरे संप्रेरक उलट जाते आणि पीयूषिकेला सांगते की पुरे. नळ्या ओस पडल्या की हा उलट निरोप जात नाही, मग पीयूषिका एफएसएच वाढवत नेते. लेथ्रोपच्या कामगारांत एफएसएच वाढलेले होते, पीयूषिकेचेच एलएच हे संप्रेरकही वाढलेले होते, आणि टेस्टोस्टेरॉन मात्र सामान्य. म्हणजे दोष मेंदूकडून येणाऱ्या हुकमात नव्हता आणि शुक्राणू बाहेर पडण्याच्या वाटेतही नव्हता, तो वृषणाच्या आतच होता. रक्ताची एक साधी चाचणी इतके सगळे सांगून जाते.

वेळेचा हिशोबही इथेच समजून घ्यायला हवा, कारण त्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू बनायला सुमारे ७० ते ७५ दिवस लागतात. मग तो अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीतून, पुढे सरकत पक्व होतो, त्याला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणून आज दिलेल्या नमुन्यात साधारण तीन महिन्यांपूर्वीची परिस्थिती दिसते. कुणी आज धोकादायक कामावर लागला आणि महिन्याने तपासणी केली, तर ती स्वच्छ येऊ शकते. उलट संपर्क थांबल्यावर पंधरा दिवसांत सुधारणा शोधणेही व्यर्थ. तयार होत आलेल्या पेशींनाच इजा झाली असेल तर तीन-चार महिन्यांत संख्या पुन्हा चढते, कारण मागून नवी रांग येतच असते. रांगेच्या मुळाशी असलेल्या पेशी सगळ्याच मेल्या असतील तर वाट पाहण्यात अर्थ उरत नाही.

एकाच नमुन्यावर निकाल द्यायचा नसतो, हेही इथे सांगतो. त्याच पुरुषाची संख्या आठवड्या-आठवड्याला बरीच खालीवर होते. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यावा लागतो. मागच्या दोन-तीन महिन्यांतला मोठा ताप आकडा पाडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख ही खालची संदर्भरेषा दिली आहे. तिच्या खाली असलेल्या पुरुषाला मूल होणारच नाही असे नाही, आणि वर असलेल्याला होईलच असेही नाही. पण लेथ्रोपमध्ये असल्या काठावरच्या वादाची गरजच पडली नाही. शून्याचा अर्थ लावावा लागत नाही.

सोळा वर्षे आधी

या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत जड भाग हा आहे. डीबीसीपी वृषणांना मारते हे १९७७ मध्ये शोधले गेले नाही. ते १९६१ मध्येच छापून आले होते.

डाऊच्या प्रयोगशाळेतल्या आणि शेलसाठी काम करणाऱ्या संशोधकांनी १९५० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग केले. उंदरांना डीबीसीपीची वाफ ठरावीक प्रमाणात, ठरावीक तास, आठवडेच्या आठवडे दिली. नर उंदरांची वृषणे आक्रसली. सर्वांत कमी मात्रा तपासली होती ती हवेच्या दहा लाख भागांत ५ भाग, म्हणजे ५ पीपीएम. त्या मात्रेलाही परिणाम दिसलाच. प्रयोग करणाऱ्यांसाठी याचा अर्थ स्पष्ट असतो: सुरक्षित पातळी अजून सापडलेलीच नाही, आणखी खाली जाऊन पाहायला हवे. खाली जाऊन पाहिले गेले नाही. अंदाजाने १ पीपीएम ही मर्यादा सुचवली गेली, आणि निष्कर्ष विषशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

म्हणजे लपवाछपवीही म्हणता येत नाही, कारण लेख तर ग्रंथालयात होता. पण ज्या माणसाच्या हातात पिंप होते त्याच्यापर्यंत तो कधी गेला नाही. पिंपावरच्या लेबलावर वांझपणाचा शब्द नव्हता. कामगारांच्या वीर्याची एकदा तरी तपासणी करून पाहावी असे सोळा वर्षांत कुणी मनावर घेतले नाही. आणि १९७७ मध्ये लेथ्रोपच्या हवेतले प्रमाण मोजले गेले तेव्हा ते १ पीपीएमच्या आतच भरले. सुचवलेली मर्यादा पाळली जात होती, आणि मर्यादेच्या आत राहूनच ही माणसे निर्बीज झाली होती. शिवाय डीबीसीपी कातडीतूनही शरीरात जाते, हवेतला आकडा ती वाट मोजतच नाही.

‘प्राण्यांत दिसले म्हणून माणसांत होईलच असे नाही’ हे वाक्य या विषयात फार ऐकू येते. त्यात तथ्य आहे. डीबीसीपीचेच पाहा: मोठे उंदीर आणि गिनी पिग त्याला फार संवेदनशील असतात, छोटे उंदीर आणि हॅमस्टर बरेच कमी. माणूस कोणत्या बाजूला पडेल हे आधी सांगता आले नसते. पण हे माहीत नसताना जो माणूस ते रोज हाताळतो आहे त्याला तपासायचे की गृहीत धरायचे, एवढाच प्रश्न होता. गृहीत धरले गेले.

नियम आणि एक पत्र

बातमी फुटल्यावर सरकार वेगाने हलले, हे मान्य करायला हवे. कॅलिफोर्नियाने ऑगस्ट १९७७ मध्येच वापर थांबवला. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाच्या प्रमुख तेव्हा युला बिंगहॅम होत्या, त्या स्वतः विषशास्त्रज्ञ. सप्टेंबरमध्ये तातडीचा नियम निघाला: हवेच्या अब्ज भागांत १० भागांपेक्षा जास्त नको. मार्च १९७८ मध्ये कायमचा नियम आला तो अब्जात १ भागाचा. म्हणजे १९६१ च्या अंदाजाच्या हजार पटींनी खाली. त्या नियमातल्या वैद्यकीय तपासणीत कामगाराचा प्रजननाचा इतिहास, वृषणांचा आकार, शुक्राणूंची संख्या, एफएसएच आणि एलएच हे सगळे आले.

त्याच सप्टेंबरमध्ये बिंगहॅम यांना पीच उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेकडून एक पत्र आले. त्याचा आशय असा: वांझपणा येतो म्हणून इतके घाबरायचे कारण काय, ज्यांचे मुले होण्याचे वय उलटले आहे किंवा ज्यांना मुले नकोच आहेत अशांना या कामावर ठेवता येईल, काहींना तर शस्त्रक्रियेऐवजी ही सोय वाटेल. पत्र गंभीरपणे लिहिलेले होते. ते वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. त्यात एका माणसाचे शरीर हे पिकाच्या हिशोबातला एक खर्च म्हणून मांडलेले आहे, आणि मांडणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही. शास्त्र म्हणूनही ते चुकीचेच होते. डीबीसीपीने प्राण्यांत कर्करोग होत असल्याचे त्या काळी समोर आलेले होते. मुले नको असलेल्या माणसाला कर्करोगही चालेल असे कुणी म्हणणार नाही.

१९७९ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने देशभर वापर थांबवला. हवाईमधल्या अननसाच्या शेतीला तेवढी सवलत ठेवली, ती १९८५ मध्ये गेली.

पुढे त्या माणसांचे काय झाले

याचे सर्वांत तपशीलवार उत्तर इस्राएलमधून मिळते. तिथेही डीबीसीपी तयार करणारे कामगार होते आणि त्यांच्यातले पंधरा जण डॉक्टरांनी सतरा वर्षे नजरेखाली ठेवले. नऊ जणांत शुक्राणू अजिबात नव्हते, सहा जणांत कमी होते. संपर्क थांबल्यावर साधारण तीन ते पावणेचार वर्षांत पहिल्या नऊपैकी तिघांची आणि दुसऱ्या सहापैकी तिघांची संख्या सुधारली. त्यानंतर कुणाच्यात विशेष सुधारणा झाली नाही. म्हणजे जे परत यायचे ते या काळात येते. नाही आले तर सहसा येत नाही. ज्यांना मुले झाली त्यांच्यात जन्मजात व्यंगे वाढलेली दिसली नाहीत, हा एक दिलासा. मात्र बाप या कामावर असताना राहिलेल्या गर्भांत मुलग्यांचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच कमी निघाले.

डीबीसीपी हे टोकाचे उदाहरण आहे, सगळेच संपर्क असे नसतात. बॅटरीच्या कारखान्यांतले किंवा भट्टीवरचे शिसे रक्तात डेसिलिटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की वीर्यावर परिणाम दिसू लागतो. शिसे उतरले की बऱ्याच जणांची संख्या सावरते, पण शिसे हाडांत साठते आणि उतरायला वर्षे घेते. उष्णता वेगळ्या वाटेने मारते: वृषणे शरीराच्या तापमानापेक्षा दोन-चार अंशांनी थंड राहावीत म्हणूनच बाहेर असतात, भट्टीपुढे तासन्‌तास उभे राहणाऱ्याला ती सोय मिळत नाही. हा परिणाम सहसा उलटतो. रंग आणि द्रावकांतली काही ग्लायकॉल इथर, रेयॉनच्या धाग्यातले कार्बन डायसल्फाइड, किरणोत्सार यांची यादी डॉक्टरांना माहीत असते. अडते ते एवढ्यावर की समोर बसलेल्या माणसाला ‘काय करता’ असे विचारले की तो ‘कंपनीत आहे’ म्हणतो आणि संभाषण तिथेच संपते. कंपनीत म्हणजे नक्की कुठे, हाताला काय लागते, कपडे कुठे धुता, तुमच्या सोबतच्यांना मुले आहेत का, इथपर्यंत जावे लागते. लेथ्रोपचे कारण सापडले ते याच शेवटच्या प्रश्नामुळे, आणि तो डॉक्टरांनी विचारलेला नव्हता, कामगारांनीच एकमेकांना विचारला होता.

अमेरिकेत दार बंद झाले तरी माल संपला नव्हता. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांवर १९७७ नंतरही काही काळ डीबीसीपी जात राहिले. कोस्टारिका, होंडुरास, निकाराग्वा इथले हजारो मजूर पुढे हीच तक्रार घेऊन उभे राहिले. लेथ्रोपच्या कामगारामागे संघटना होती, प्रयोगशाळा होती, तातडीने नियम काढणारे सरकार होते. केळीच्या मळ्यातल्या माणसाला आधी आपली कैफियत कुठल्या देशाच्या कोर्टात मांडायची इथपासून भांडावे लागले. कोस्टारिकाच्या ८२ कामगारांनी आणि त्यांच्या बायकांनी डाऊ आणि शेलविरुद्ध टेक्सासमध्ये दावा लावला, तेव्हा तो तिथे चालू शकतो एवढे ठरायलाच १९९० साल उजाडले. तोपर्यंत त्यांतल्या कित्येकांचे मुले होण्याचे वय निघून गेले असणार.

आणि जमिनीत सोडलेले डीबीसीपी. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातल्या विहिरींच्या पाण्यात ते सापडू लागले. ते मातीतून झिरपत खाली गेले होते, आणि भूजलात ते फार सावकाश नष्ट होते. पिण्याच्या पाण्यासाठी आज अमेरिकेत मर्यादा आहे ती अब्जात ०.२ भागांची. फ्रेस्नो परगण्यात पाण्यातले प्रमाण आणि जन्मदर यांचा संबंध तपासला गेला, तेव्हा तसा संबंध आढळला नाही. हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पिंप ओतणाऱ्या माणसाला मिळणारी मात्रा आणि नळाचे पाणी पिणाऱ्याला मिळणारी मात्रा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. एकाचा निकाल दुसऱ्याला लावून लोकांना घाबरवणे बरे नाही. तरी पाणी गाळावे लागतेच. वापर थांबून कित्येक दशके उलटल्यावरही फ्रेस्नो शहराच्या विहिरींवर कोळशाच्या मोठाल्या टाक्या बसवलेल्या आहेत. पाणी त्यांतून जाते, कोळसा भरत आला की बदलतात, आणि नव्या कोळशातून पुन्हा पाणी सोडतात.